अर्धं कपाळ

दादाचा फोन आला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत एका मास्तरांचं डोकं होतं. मास्तर निवृत्त, चष्मा नाकावरून घसरतो ही त्यांची जुनी तक्रार, आणि ती सोडवून घ्यायला ते महिन्याकाठी एकदा तरी दुकानात येत. दोष चष्म्यात नव्हता, असलाच तर मास्तरांच्या रिकाम्या दुपारींत होता, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. ती गरम केलेली काडी त्यांच्या कानामागे बसवून बघत होती. मालकांनी काउंटरवरचा तिचा मोबाइल उचलला आणि तिच्या डाव्या कानाशी धरला, कारण उजव्या कानात अजून पाणी भरल्यासारखं वाटतं हे दुकानात सगळ्यांना माहीत झालं होतं. "आईला काल सोडून आलो," दादा म्हणाला. "कुठे सोडून आलास?" "कुठे म्हणजे? ती टेकडीमागची जागा. निवास. खोली चांगली आहे गं, खिडकी पूर्वेला आहे, जेवणही मऊ देतात." वृद्धाश्रम हा शब्द टाळताना दादाची नेहमीच अशी दमछाक होई. "पण ती तर तुमची बदली झाली की माझ्याकडे..." "तिनं विचारलं ना तुला. तू नाही म्हणालीस म्हणे. तक्रार नाही केली हां तिनं, एवढंच म्हणाली की तिला जमणार नाहीसं दिसतं, विषय वाढवू नकोस. मग मी कशाला वाढवू? तुझं आत्ताच ते जबड्याचं झालंय." "दादा, मी नाही म्हटलेलं नाही." "असं?" दादा म्हणाला. "मग तुम्ही दोघी आपसात काय ते बघा बाई. मला तुमची ती भाषा कधी आलीच नाही." मास्तर हळूच म्हणाले, "ताई, काडी टोचतेय." तिने बघितलं तर काडी तिने इतकी वाकवली होती की ती मास्तरांच्या कानात रुतायच्या बेतात होती.

आतल्या खोलीत काचा घासायचं यंत्र होतं, त्याच्याजवळच्या स्टुलावर जाऊन ती बसली. यंत्र बंद होतं, तरी त्याचा ओल्या काचेचा वास खोलीत कायम असायचा. मी हो म्हटलं होतं, ती स्वतःशी म्हणाली. तिला तो क्षण लख्ख आठवत होता. आई टेबल पुसत होती, पुसता पुसता मोठ्याने म्हणाली होती, दादाची बदली झाली की मी इकडेच येऊन राहू का, आणि हिने भुवया वर केल्या होत्या. बोलायचं कारणच नव्हतं. डोक्याभोवती हनुवटीखालून घट्ट पट्टी गुंडाळलेली, डॉक्टरांनी तोंड कमी चालवा म्हणून बजावलेलं, आणि बोललं असतं तरी आईला ऐकू कुठे येत होतं. त्यांच्या घरात भुवया वर म्हणजे हो. चाळीस वर्षं म्हणजे हो. मग नाही कुठून आलं? आणि हा प्रश्न मनात पुरता उमटायच्या आत तिचा हात आपोआप उजव्या भुवईकडे गेला. भुवई होती तिथेच, जरा खाली ओघळलेली, मऊ, पोरक्यासारखी. तिने ती उचलायचा प्रयत्न केला. बोटाखाली काही हललं नाही. डावी तेवढी वर गेली.

जबडा तिचा मुळातच बोलका. तोंडाने ती फारशी बोलायची नाही, ते काम जबडा करायचा. जांभई दिली की उजव्या कानापुढे कट्ट वाजे, शाळेत पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळून बघत. पन्नाशीला येता येता तो वाजायचा थांबला आणि एके सकाळी अडकला. दात घासायला तोंड उघडलं तर जेमतेम ब्रश जाईल एवढंच उघडलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, सांध्यात एक बारीकशी गादी असते, ती पुढे सरकून बसली आहे, दाराखाली पायपुसणं अडकावं तशी. "रात्री दात आवळता का?" "काय माहीत, झोपेत असते मी." डॉक्टर मनापासून हसले. हसतमुख माणूस, आणि हातही हलका. "याला ऑपरेशन म्हणूच नका. दोन सुया घालायच्या, एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर, सांधा स्वच्छ धुवायचा, आणि बघायला म्हणून सुतळीएवढी दुर्बीण. चिरफाड नाही, टाका नाही. दुसऱ्या दिवशी घरी." मग एका दमात, पाढे म्हणावेत तसं, त्यांनी उरलेलं सांगितलं होतं: थोडी सूज, थोडा कान जड, काही दिवस दातावर दात बसत नाही, क्वचित कुणाची कपाळाची नस थोडी रुसते. रुसते हा शब्द तिला आवडला होता. उघडेल तेवढं तोंड उघडून तीही हसली होती.

जे जे थोडं आणि क्वचित म्हणून सांगितलं होतं ते सगळं पत्ता विचारत तिच्याकडे आलं. चेहऱ्याची उजवी बाजू पावासारखी फुगली. कानात विहीर आली, पाऊल टाकलं की पाणी हिंदकळे. दात एकमेकांना ओळखेनासे झाले, पुढचे भेटत आणि मागचे लांबून बघत राहत. कानापुढचा दोन बोटांचा तुकडा बधिर, तिथे हात लावला की दुसऱ्याच कुणाला हात लावल्यासारखं वाटायचं. यातलं बरंचसं आलं तसं हळूहळू गेलंही, आणि तोंड आता तीन बोटं उघडत होतं, त्यामुळे डॉक्टर आपल्या कामावर खूश होते. तपासायला गेली तेव्हा त्यांनी भुवया वर करायला सांगितल्या. डावी गेली. उजवी राहिली. "रुसवा अजून आहेच म्हणा," डॉक्टर म्हणाले. "नस तुटलेली नाही, दुखावली आहे. आठवडे लागतील. सहा महिनेसुद्धा." "आणि नाहीच आली तर?" "येते. बहुतेकांची येते." तेव्हा आई दादाकडे परत गेलेली होती. तिने घरी येऊन आरशात ती नवी गंमत नीट पाहिली, कपाळाचा डावा अर्धा भाग सुरकुतला की उजवा कोऱ्या कागदासारखा गुळगुळीत. वयाच्या मानाने उजवी बाजू तरुण दिसते असं तिने दुकानात सांगितलं, सगळे हसले, आणि तिने कपाळावर केस ओढून घेतले. चष्म्याच्या दुकानात माणसाचं तोंड गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. एक बाई नाकावरचे पॅड बसवून घेता घेता म्हणाल्या होत्या, "रागावलात का हो? मी फार वेळा येते का?" तिने त्यांना समजावलं होतं. अनोळखी बाईला समजावलं, आणि आपल्या आईच्या डोळ्यांना त्या संध्याकाळी काय दिसलं असेल हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आईचं बोलणं भुवयांत गेलं ते तिच्या नोकरीमुळे. एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात, जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि त्या बोर्डासमोर आई. बोर्डाला रांगांनी भोकं, प्रत्येक भोकावर वाटाण्याएवढा दिवा, आणि खाली फळीत दोऱ्यांच्या जोड्या, टोकाला पितळी खुंट्या. दिवा लागला की आई दोरी ओढून खुंटी भोकात खुपसायची, दुसरी दुसऱ्या भोकात, आणि वरच्या मजल्यावरचा साहेब जगात कुणाशी तरी बोलायला लागायचा. शाळा सुटली की ती आणि दादा तिथे येत, कारण घरी कुणी नसे. दादा पाच मिनिटांत आवारात खेळायला पळायचा. ती मात्र खिडकीखालच्या पेटाऱ्यावर बसून राहायची. तिला ती खोली अजून बोटांनी आठवत होती, पितळेचा गारवा, दोऱ्यांवरचं कापडी वेष्टण आणि त्याचे कुरतडलेले धागे, भिंतीला पाठ टेकली की वरून जिना उतरणाऱ्यांची पावलं मणक्यात वाजायची. बोलायचं मात्र नाही. आईच्या छातीवर शिंगासारखा बोलण्याचा तुकडा लटकलेला असे आणि त्यात खोलीतलं सगळं जाई; एकदा ती "आई, शू" म्हणाली होती ते थेट हिशेबनिसांना ऐकू गेलं होतं आणि ते महिनाभर आईला भेटले की हसत. तेव्हापासून तोंड बंद आणि भुवया सुरू. उजवी एकटी वर, म्हणजे हो, चालेल, घे. मधली घडी, म्हणजे गप्प. दोन्ही हळूच खाली, म्हणजे घरी गेल्यावर सांगते. उजवी वर जाऊन थरथरली की आत्ता लाइनवर कुणीतरी भयंकर विनोदी माणूस आहे, आणि आईला हसायची परवानगी नाही. त्या थरथरीसाठी ती तासन्‌तास वाट बघायची. तोंडाने आई "नंबर प्लीज" म्हणत असायची, सगळ्या जगाला एकाच गोड आवाजात, आणि कपाळाने एकट्या तिच्याशी बोलत असायची. आपल्याला आईचं जे कपाळ मिळतं ते साहेबांनाही मिळत नाही, याचा तिला इतका अभिमान होता की दादा खेळून घामाघूम होऊन आला की तिला त्याची कीव यायची.

एक भुवई वर करायची विद्या तिला कधी साधली नाही. स्नानघरातल्या आरशासमोर उभं राहून, एक बोटाने दाबून धरून, तिने किती तरी दिवस घालवले. दोन्ही जायच्या. आई चेष्टा करायची, "एकीनं काम भागतं तिथे दोन कशाला गं? उधळी आहेस." आणि न हलणं हेही त्या भाषेत होतं, ते तिला फार उशिरा आणि एकदाच कळलं. त्या दुपारी दिवा लागला, आईने खुंटी घातली, नेहमीचं वाक्य म्हणाली, आणि मग ऐकत राहिली. वडील सकाळी दवाखान्यात गेले होते, पोटात दुखतंय म्हणून, चालत. तिने पेटाऱ्यावरून भुवया उचलून विचारलं, बाबा? आईने तिच्याकडे बघितलं. तोंड तिच्याकडे वळलेलं होतं, डोळे बघत होते, पण कपाळ हललं नाही. ते तसंच सपाट राहिलं आणि बाबा आता नाहीत हे तिला समजलं. बदली बाई येईपर्यंत आई बोर्डावरून उठली नाही, दिवे लागत होते आणि ती ते जोडत होती. पुढे त्या दोघींत त्या दुपारबद्दल कधी बोलणं झालं नाही, बोलायची गरजही पडली नाही. पण तेव्हापासून कपाळ न हलणं म्हणजे काय, हे दोघींनाही पक्कं माहीत होतं.

म्हणून तर आता तिचा जीव कासावीस झाला होता. आईने विचारलं असेल, वर बघितलं असेल, आणि हिचं कपाळ सपाट. आई एक शब्द न बोलता फडकं धुवायला आत गेली होती. हो, गेली होती, ते तिला आता आठवलं. आई तिच्याकडे होती तो आठवडा ती पुन्हा पुन्हा उलगडून बघू लागली. आईने पाव दुधात कुस्करून चमच्याने भरवलं होतं, रात्री उशी उंच करून दिली होती, सुजेवर बर्फाचं फडकं धरता धरता स्वतःच डुलक्या घेतल्या होत्या. आणि आईने कपाटातले कप उलटे होते ते सुलटे केले होते, दाराजवळची चपलांची जागा बदलली होती, टीव्ही इतका मोठा लावला होता की बातम्या देणारा जणू स्वयंपाकघरात उभा राहून ओरडतोय. कानाला यंत्र लावायला ती तयार नव्हती. आयुष्यभर लोकांचं ऐकलं, आता पुरे, म्हणायची. टीव्हीच्या त्या आवाजाने हिचा सांधा ठणकायचा. तिच्या एकटीच्या त्या दोन खोल्या होत्या आणि त्या तिने फार हळूहळू, फार जपून शांत केल्या होत्या. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरवली की आत कुणी नाही याचा जो एक निवांत वास येतो, त्यासाठी ती दिवसभर परक्यांच्या नाकांवर चष्मे बसवत असे. पण ते वेगळं आणि आई वेगळी. आईला ती नाही म्हणेल हे शक्य तरी होतं का? नस दुखावली होती. बस, एवढंच. दोन सुयांपैकी एक जरा इकडे गेली असेल आणि त्या जराशाने आईला टेकडीमागे नेऊन ठेवलं होतं. दुखणं बरं करताना असलं काही होऊ शकतं हे डॉक्टरांच्या त्या पाढ्यांत नव्हतं.

मालकांनी सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिने काय बोलायचं ते घोकलं. सोपं होतं, आई, मी हो म्हटलं होतं, नस बिघडली होती, चल घरी. तोंडाने तिने आईला आजवर असलं काही महत्त्वाचं सांगितलंच नव्हतं, त्यामुळे वाक्यं उसनी वाटत होती. आईला बोर्डावरून काढलं तेव्हाची गोष्ट तिला आठवली. नवी यंत्रं आली, भोकं आणि दोऱ्या गेल्या, आणि कंपनीने आईला आवक-जावक विभागात टेबल दिलं. पहिल्या दिवशी घरी येऊन आई म्हणाली, तिथे सगळे एकमेकांशी बोलतात गं, मला काय बोलावं सुचत नाही. तिला तेव्हा हसू आलं होतं. बसच्या खिडकीजवळ आता तिला रडू येत होतं, आणि उजव्या डोळ्याची पापणी पुरती मिटत नसल्याने त्या बाजूचं पाणी सगळ्यांत आधी बाहेर पडलं.

निवासाचं जेवणघर म्हणजे लांबलचक खोली, टेबलांवर पुसायला सोपी अशी प्लॅस्टिकची कापडं, आणि दुपारच्या चहाला जमलेली वीसेक म्हातारी माणसं. आई खिडकीजवळच्या टेबलाशी बसली होती, निळा स्वेटर, केस घट्ट विंचरलेले, नव्या नोकरीवर रुजू झाल्यासारखी नीटनेटकी. तिला बघताच आईची उजवी भुवई एकटी वर गेली. आलीस? तिने खुर्ची ओढली. घोकलेलं सगळं विसरून ती म्हणाली, "आई, मी हो म्हटलं होतं."

"काय?"

तिने मोठ्याने म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे आजोबा वळून बघू लागले. आईने हाताने कानाशी द्रोण केला. मग तिला ओरडावंच लागलं. तीन बोटं उघडणारं तोंड पुरतं उघडून, दर वाक्याला कानापुढे कळ येत असताना, ती ओरडून म्हणाली, "मी हो म्हटलं होतं त्या दिवशी. माझी नस दुखावली होती. भुवई वरच जात नव्हती, मला कळलंच नाही. तुला वाटलं मी नाही म्हणतेय."

चमच्यांचे आवाज कमी झाले. आईने तिचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, लाइनवरच्या माणसाचं होऊ द्यायची तसं.

"माहीत आहे की मला नसेचं," आई म्हणाली. "तू गुंगीत होतीस तेव्हाच डॉक्टरांनी दाखवलं. मला ऐकू येत नाही बघून त्यांनी तुझ्या कपाळावर बोट ठेवलं, उजवीकडे, आणि हात हलवून सांगितलं की ही काही दिवस हलणार नाही. चांगला आहे मुलगा, खुणेचं बरं जमतं त्याला."

"मग?"

"मग काय. उजवी गेली होती." आईने कपातल्या चहावरची साय चमच्याने बाजूला केली. "डावी तर धड होती. मी डावीकडेच बघत होते."

तिचा हात डाव्या भुवईवर गेला, चोराचा खिशावर जावा तसा. तुझ्या दोन्ही जातात, उधळी आहेस. उजवी मेली तरी डावी जायला हवी होती, ती काल आतल्या खोलीत गेली होती, तपासताना गेली होती, आरशासमोर तर कपाळाच्या मध्यापर्यंत गेली होती. ती संध्याकाळ पुन्हा तिच्यासमोर आली आणि या वेळी तिने ती आईच्या जागेवरून बघितली. टीव्ही ओरडत होता. आई टेबल पुसत विचारत होती. आणि पट्टीत बांधलेल्या त्या डोक्यात, प्रश्न ऐकू आल्याबरोबर, हो येण्याच्या आधी, मागची खोली आली होती. मागच्या खोलीतला तिचा टेबल-दिवा, खिडकीतली खुर्ची, किल्लीचा तो निवांत वास, आणि ते सगळं आता जाणार हे. हो म्हणायचं असतं हे तिला माहीत होतं आणि म्हणायचं असतं ते आपण म्हटलंच, असं धरून तिने पुढची आठवण तयार केली होती. आईने मात्र जे दिसलं तेच बघितलं होतं. तिला भयंकर लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, अगदी तळाशी, हायसं वाटलं, कुणाला तरी ठाऊक होतं म्हणून.

"तेव्हा मला नको होतं," ती म्हणाली.

"काय?" आईने पुन्हा द्रोण केला.

आता यातून सुटका नव्हती. "तेव्हा मला नको होतं, आई," ती ओरडली. एका आजींनी कप खाली ठेवला. शेजारचे आजोबा खाली मान घालून बिस्किटाकडे बघू लागले, बिस्किटानेच काही गुन्हा केल्यासारखं.

आईने मान हलवली. "हां," ती म्हणाली. "आता ऐकू आलं." तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खूप दिवस खरखरणारी लाइन एकदाची साफ लागावी तशी ती दिसत होती. मग ती टेबलावर जरा पुढे झुकली आणि म्हणाली, "आणि आत्ता?"

तिने उत्तर ठरवलं नाही. ठरवायला वेळ नव्हता, आई बघत होती, दिवा कुठला लागतो ते बघायची तशीच, पापणी न हलवता. तिला आईचा सुरकुतलेला गळा दिसला, स्वेटरचं चुकीच्या काजात घातलेलं बटण दिसलं. कपाळाची डावी बाजू आपली आपण वर गेली. किती वर गेली ते तिला केसांच्या मुळाशी जाणवलं. उजवी होती तिथेच झोपून राहिली.

आईने ते कपाळ बराच वेळ बघितलं. हात पुढे करून त्याच्यावर ओढलेले केस बाजूला सारले आणि पुन्हा बघितलं.

"अर्धं हो म्हणतंय," आई म्हणाली, आणि हसली. "उरलेल्याचं डॉक्टर काय म्हणतात?"

"सहा महिने," ती ओरडली. "कदाचित नाहीही येणार."

"मग तोवर मी इथे आहे. खिडकी बरी आहे, बाई." आईने तिचा हात थोपटला. "सगळं आलं की ये न्यायला. उगाच घाई करून आणू नकोस, मला कळतं."

तिला वाद घालायचा होता. अर्धं पुरतं, असं म्हणायचं होतं. पण ते ओरडून म्हणावं लागलं असतं, आणि ओरडून म्हणताना ते खरं वाटेल की नाही याची तिला खात्री नव्हती. आई चहा पिऊ लागली. दवाखान्यात चेहऱ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं की धड बाजू सगळं काम आपल्या अंगावर घेते, म्हणून दुखावलेली आळशी होते; धड बाजू हाताने दाबून धरायची आणि मग दुसरीला बोलवायचं. तिने डाव्या भुवईवर तळहात घट्ट दाबला आणि उजवीला वर बोलवलं. पुन्हा बोलवलं. समोर आई कप ओठांना लावून तिच्या कपाळाच्या उजव्या बाजूकडे बघत होती, आणि चहा संपला तरी तिने कप खाली ठेवला नाही.